तांब्याच्या दोन पट्ट्या

आई, गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी आपल्या बदलापूरच्या स्वयंपाकघरात, तुझ्याच गॅसवर, तांब्याच्या दोन पट्ट्या तापत ठेवल्या होत्या. हे तुला सांगायला बरं वाटतं, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं की त्याला आधी हसू येतं आणि मग पट्ट्या कशाला, तेल कसलं, हे पहिल्यापासून समजवावं लागतं. अंबरनाथच्या तेलाच्या कारखान्यात, चाचणीच्या त्या छोट्या खोलीत, तू अठरा वर्षं हेच केलंस. पट्टी घासून लख्ख करायची, तेलात बुडवायची, उकळत्या पाण्याच्या उष्णतेत तीन तास ठेवायची आणि बाहेर काढून रंग बघायचा. तेलात तांबं-पितळ खाणारं काही असेल तर पट्टी काळवंडते. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. आता तेरा वर्षं झाली. डिप्लोमा करून मी उल्हासनगरला मामाच्या गॅरेजात आहे. मामा इंजिनं बघतो, मी गिअरबॉक्स बघते, आणि कुठल्या गाडीत कुठलं तेल घालायचं हे गेली काही वर्षं मी ठरवते. हे मी फुशारकीने सांगत नाही. मला ते येतं, आणि निम्मं तू शिकवलंस म्हणून येतं.

आमचे एक सिंधी काका आहेत. कापडाचं दुकान मुलांवर सोपवलंय आणि आता एकाच गोष्टीत जीव आहे: दोन दारांची, बसकी, लाल स्पोर्ट्स कार, वयाने माझ्याहून मोठी. तिचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. तिचा गिअरबॉक्स गेला म्हणजे गेला, दुसरा नाही. काका दर रविवारी तिला जांभूळ गावाच्या बाजूला फिरवून आणतात आणि परत आले की मला फोन करून तिचा आवाज कसा येत होता ते तोंडाने काढून दाखवतात. गेल्या महिन्यात ते दोन डबे घेऊन आले. एक इंजिनाचं तेल, त्यांच्या मुलाच्या नव्या गाडीत घालतात ते, पाण्यासारखं पातळ. दुसरं गिअरचं, परदेशातून मागवलेलं, डबा असा देखणा की मामाने तो उचलून आधी हुंगला.

इंजिनाच्या तेलाबद्दल मी लगेच नाही म्हणाले. "काका, हे नव्या इंजिनांसाठी आहे. तुमच्या इंजिनातल्या फटी मोठ्या आहेत, हे तेल तिथे टिकणारच नाही. शिवाय तुमच्या कॅमशाफ्टवर झडपा उघडणारे तुकडे थेट घासतात, मधे रोलर नाही. त्यांना जस्ताचा अंश जास्त असलेलं तेल लागतं, नव्या तेलांत तो कमी केलाय." काका म्हणाले, "पण बेटा, हे महाग आहे." मी म्हटलं, "महाग आहे, पण दुसऱ्या कुणासाठी." मी त्यांना वीस-पन्नासचं जाड तेल लिहून दिलं. फोडणीच्या कढईत तेल घालून ती तिरकी करून दाखवायचीस ना तू, थंड असताना ते कसं रांगतं आणि तापलं की कसं पळतं, तेच मी त्यांना सांगितलं. काकांना कढई पटली. जस्त पटलं नाही, पण कढई पटली.

गिअरच्या तेलावरून मात्र वाद झाला. सहा-सात महिन्यांपासून त्यांचा दुसरा गिअर सकाळी गाडी थंड असताना करकरत होता. गिअर बदलताना दोन फिरत्या चाकांचा वेग जुळवायला आत पितळी कड्या असतात. त्या झिजल्या किंवा त्यांची पकड सुटली की असा आवाज येतो. काकांच्या डब्यावर तेलाचा वर्ग जीएल-पाच लिहिलेला, आणि गाडीच्या जुन्या पुस्तिकेत स्पष्ट जीएल-चार. काका म्हणाले, "पाच मोठं की चार? साधा हिशोब आहे, साईं." मी म्हटलं, "हे इयत्तांसारखं नाही, काका. पाच म्हणजे ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलमधल्यासारख्या, फार दाबाखाली चालणाऱ्या दात्यांसाठी. त्यात जे गंधक घालतात ते पितळ खाऊ शकतं. आणि ते इतकं घसरट असतं की कड्यांना पकड मिळत नाही. आपण तुमच्या गाडीत चारच घातलंय." आपण म्हणजे मी. दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताने, गॅरेजातल्या कोपऱ्यातल्या बॅरलमधून. काका मानेनात. त्यांच्या कुठल्यातरी मित्राने त्यांना पाचच घाल म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मी म्हणाले, दोन दिवस द्या, मी तुम्हाला डोळ्यांनी दाखवते. मामा मागून म्हणाला, "झालं. बाईची लॅब सुरू."

मला आठवतं ते असं: मी नऊ-दहा वर्षांची आहे. तू कामावरून टाकून दिलेल्या जुन्या पट्ट्या घरी आणल्यास, आणि रंगांच्या तक्त्याची झेरॉक्स, जिच्यावर तू स्वतः रंगपेटीने रंग भरलेत. ओट्यावर पाट ठेवून तू मला एकेक पट्टी दाखवतेस. नव्या तांब्यासारखी म्हणजे पहिली. मोरपिशी, जांभळट झाक आली की दुसरी-तिसरी. कढईच्या बुडासारखी म्हणजे चौथी, तेल परत. मी पट्टी बघते, मग तुझ्याकडे बघते, मग सांगते. पाच-सहा पट्ट्या बरोबर येतात. मग एक पट्टी दाखवताना तू हसतेस आणि मी म्हणते, पहिली. ती तिसरी असते. तू पट्टी माझ्या हातातून काढून घेतेस. "माझ्या तोंडाकडे बघून सांगू नको. पट्टी बघ. कारखान्यात साहेबाचं तोंड बघून पट्टी वाचणाऱ्या बायका मी बघितल्यात." तू एवढ्या कडक आवाजात बोललीस की मी रडले, आणि रडताना माझी बोटं पट्टीला लागली, तर त्यावरूनही बोललीस, की बोटाचा ठसा म्हणजे पट्टी वाया, चिमटा कशाला दिलाय. संध्याकाळी तू मला तो लांब दांड्याचा स्टीलचा चिमटा देऊन टाकलास. तुझ्या कामाची वस्तू तू कुणाला दिल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

तर शुक्रवारी, गॅरेजची सुट्टी बघून, मी सगळं मांडलं. भंगारबाजारातून आणलेल्या तांब्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या, बारीक पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलने पुसून. चिंच नाही लावली, घाबरू नको. दोन काचेच्या नळ्या, एकीत काकांचं जीएल-पाच, दुसरीत आमच्या बॅरलमधलं. बॅरलवर फक्त पांढऱ्या रंगाने नव्वद लिहिलेलं आहे, म्हणजे तेलाचा जाडपणा. ते चारचं आहे हे मामाने सांगितलं होतं आणि मामाला तेलवाल्याने. नळ्या मोठ्या पातेल्यात उभ्या केल्या, पाणी उकळत ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. काय निघणार हे मला ठाऊक होतं. काकांच्या तेलाची पट्टी काळी, आमची स्वच्छ. त्यांना दोन्ही कागदात गुंडाळून न्यायच्या, एवढंच बाकी होतं.

आमची काळी निघाली. चिमट्याने उचलली तेव्हा वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. पुसून खिडकीपाशी नेली. कढईच्या बुडासारखी, खालपासून वरपर्यंत. काकांची पट्टी किंचित मळकट, बस. तू पहिलीच्या खालोखाल ठेवली असतीस.

मी दोन्ही पट्ट्या घेऊन तशीच स्कूटरवर मामाकडे गेले. तो दारात वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी पट्टी पुढे धरली. "बॅरल चारचं नाही, मामा."

"नाय गं. तेलवाला बोलला चारचं."

"बोलला. डबा दाखवला का कधी?"

"वीस वर्षं ओळखतो मी त्याला."

"त्याला ओळखतोस. तेलाला ओळखतोस का?"

मामाने चष्मा लावून पट्टी बघितली. मग म्हणाला, "तुझी आई मला लग्नाच्या पंगतीत पण अशीच बोलायची." चष्मा काढत म्हणाला, "टेम्पोवाले खूश आहेत त्या तेलावर." ते खरं आहे आणि मी ते मान्य केलं. टेम्पोच्या मागच्या अ‍ॅक्सलसाठी ते उत्तम तेल आहे. पितळी कड्यांच्या गिअरबॉक्समध्ये ते घालायला नको होतं, आणि ते मी घातलं, डबा न बघता. मामा म्हणाला, "काकाला सांगायची काय गरज आहे? सरळ चारचं घाल, गप्प बस. त्याला कळणार पण नाय." मी म्हटलं, त्याचा गिअरबॉक्स एकच आहे. मामा म्हणाला, "आपलं नाव पण एकच आहे."

मी दोन्ही पट्ट्या परत घेतल्या. खात्रीसाठी पुन्हा करते, एवढं म्हणाले. सोमवारी गॅरेजात केलं. नळ्यांना क्रमांक मामाने घातले आणि कुठल्या क्रमांकात काय ते त्याने चिठ्ठीवर लिहून स्वतःच्या खिशात ठेवलं, म्हणजे मला माहीत नसेल. बरोबर तीन तास. पुन्हा तेच. मामाने खिशातली चिठ्ठी काढली, बघितली आणि रंगाचा ब्रश घेऊन बॅरलवर नव्वदच्या खाली 'फक्त टेम्पो' असं लिहिलं. एवढं त्याच्याकडून पुष्कळ होतं.

काका आले तेव्हा मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि दोन्ही पट्ट्या दाखवल्या. स्वच्छ पट्टी तुमच्या तेलाची, काळी आमच्या तेलाची. दोन वर्षं तुमच्या गाडीत हे काळंवालं होतं, ते मी घातलं होतं, आणि आवाज बहुतेक त्यानेच येतोय. मी हे एका दमात सांगितलं, कारण मधे थांबले असते तर मामाकडे बघितलं असतं. काकांनी काळी पट्टी बोटाने घासून बघितली. रंग गेला नाही.

"म्हणजे सहा-सात महिने मी तुला शिव्या देत होतो, त्या बरोबर होत्या?"

"तुम्ही मला शिव्या देत होता?"

"मनात, बेटा. मनात. गिअर करकरला की एक." मग त्यांनी आपला डबा पुढे सरकवला. "मग माझं तेल जिंकलं ना? घाल की हे."

तेव्हा मला वाटलं, आता हो म्हणणं किती सोपं आहे. माझी चूक निघालीच आहे, त्यांचं तरी मन राखावं. पण मी नाही म्हणाले. तुमच्या तेलात गंधकाला आवरणारं काही घातलं असेल, ते पितळ खात नाही, एवढंच पट्टीने सांगितलं. कड्यांना पकड मिळेल का, हे पट्टी सांगत नाही. ते ज्याने गिअरबॉक्स बनवला त्याने पुस्तिकेत लिहिलंय, चार. मी सीलबंद डबा आणलाय, त्याच्यावरचं अक्षर न् अक्षर तुम्ही वाचा, मग उघडते. काकांनी आपला डबा परत जवळ ओढला. "चूक तुझी, आणि ऐकायचं पण तुझंच?" मी म्हटलं, "हो." मामा पाना शोधायच्या निमित्ताने गाडीखाली गेला, पण तो हसतोय हे मला पायांवरून कळलं.

काकांनी डबा वाचला. मोठ्याने, सगळा, पत्त्यासकट. मग आम्ही जुनं तेल काढलं. उन्हात धरलं तर आत सोनेरी चकाकी होती, लोहचुंबकाला न चिकटणारी. पितळ. मी ती काकांना दाखवली आणि सांगितलं की झिजलं ते परत येणार नाही. राहिलंय ते टिकवता येईल, आणि तरीही करकर थांबली नाही तर गिअरबॉक्स मी स्वतः उघडीन. नवं तेल भरून चिखलोलीपर्यंत जाऊन आलो, काका चालवत, मी शेजारी, गुडघे छातीशी. पहिल्यांदा दुसरा गिअर टाकताना हलकी कुरबुर झाली, नंतर नाही. परवाच्या रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी आवाज तोंडाने काढून दाखवला नाही. काढायला आवाजच नव्हता म्हणाले. त्या बॅरलमधून मी आणखी दोन गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तेल घातलं होतं. दोघांनाही बोलावून तेल बदललं, कारण सांगून. एक जण चिडला आणि पुन्हा येणार नाही म्हणाला. वाईट वाटलं, पण झोप लागली. आता गॅरेजात कुठलंही तेल माझ्या पट्टीतून गेल्याशिवाय कुणाच्या गिअरबॉक्समध्ये जात नाही, आणि मामा नव्या गिऱ्हाइकांना पट्ट्या अशा दाखवतो जणू कल्पना त्याचीच.

हे पत्र कुठे धाडायचं नाही म्हणूनच हेही लिहिते. मामाला, काकांना, सगळ्यांना मी सांगितलं की दुसऱ्यांदा केलं ते खात्रीसाठी. तसं नव्हतं. त्या शुक्रवारी तीन तास झाल्यावर मी आधी आमची पट्टी काढली, काळी बघितली, आणि काकांची तशीच उकळत्या पाण्यात राहू दिली. आणखी अर्धा तास. गॅस मोठा करून, खुर्चीवर बसून, तीही काळी व्हावी म्हणून वाट बघत होते. झाली असती, तर दोन्ही पट्ट्यांचे मी तीन तासच सांगितले असते.