शेजारचा दुसरा मजला

स्कारबरो,
१४ सप्टेंबर १९८७

प्रिय एनिड,

तुझं पत्र आणि आल्याचा केक, दोन्ही सुखरूप पोचले. केक संपला, पत्राचं उत्तर मात्र राहून गेलं. तू आणि फ्रँक बरे असाल. इथे वारा आहे, माझी तब्येत ठीक आहे.

येत्या वसंतात घरांना बाहेरून रंग द्यायचा आहे. खाऱ्या हवेत तो टिकत नाही. आमची घरं तू पाहिली आहेस, जुळीच ती. मधली भिंत एक, छप्पर एक. आमचा जिना उजवीकडे वळतो, शेजारच्यांचा डावीकडे. बाकी पुढे आलेल्या खिडक्या, पायऱ्या, दारावरची रंगीत काच, सगळं सारखं. फ्लॅट केले तेव्हाही बिल्डरने एकच नकाशा उलटा करून वापरला.

गेल्या महिन्यात बाजारातून आलो, दुसऱ्या मजल्यावर चढलो, तर किल्ली फिरेना. खटपट करतोय तोवर दार आतून उघडलं. शेजारच्या घरातल्या मिसेस स्केल्टन, केसांना कर्लर लावलेले. म्हणाल्या, "मिस्टर हॅलम, चोरी करायची तर जरा हळू करा." मग आत बसवून चहा दिला. खोली हुबेहूब आमची, पण आरशातली. शेकोटी भलत्याच भिंतीला. त्यानंतरही असं पुन्हा झालं.

तू म्हणशील, रेजीचं डोकं चालेनासं झालं. तसं नाही. लग्न झाल्यापासून म्युरिअल नेहमी दोन पावलं पुढे चालायची. फाटक ती उघडायची, मी पिशव्या घेऊन मागे. मे महिन्यात ती गेली तेव्हा लक्षात आलं, कुठल्या फाटकात वळायचं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

शनिवारी दोन्ही घरांची रंगासाठी सभा झाली. मिसेस स्केल्टननी सुचवलं, आमच्या घराचं दार लाल करावं, म्हणजे हॅलम चुकणार नाहीत. सगळे हसले, मीही हसलो. सभेत बोलणं हे म्युरिअलचं काम. पण या वेळी मीच उभा राहिलो.

"दोन्ही दारं सारखीच राहू द्या," मी म्हणालो. "चुकलो तरी चहा मिळतो."

"मग बिस्किटं तुम्ही आणायची," मिसेस स्केल्टन म्हणाल्या.

दोन्ही दारं निळी, असं ठरलं. परांची बांधतील तेव्हा रंगाऱ्यांना खिडक्या उघडून द्यायला कोणीतरी घरात हवं. ते मी अंगावर घेतलंय.

एनिड, माझ्यासाठी मागची खोली तू आवरून ठेवलीस, आणि मी त्यावर इतके दिवस गप्प बसलो. मी राहायला येणार नाही. नाताळला येईन, पाहुणा म्हणून, आणि परत जाईन. फ्रँकला त्याची शिलाई मशीन पुन्हा तिथे मांडू दे. रागावलीस तर रागाव, पण उन्हाळ्यात दोघं इकडे या.

तुझा भाऊ, आणि आता इथलाच,
रेजी