यागनाच्या लग्नाचं पीठ

आईस, ग्दान्स्कहून दोरोताचा नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत, तेवढं आधी वाच. तुझे गुडघे कसे आहेत?

आता ऐक. यागना जन्मली त्याच दिवशी मी आपल्या तोरुनच्या रीतीनं तिच्या लग्नाच्या केकसाठी मध-मसाल्याचं पीठ मळून पिंपात मुरत ठेवलं होतं ना? लग्न दोन महिन्यांवर आलं आणि तुझ्या जावयानं ते सोळा वर्षं छान मुरलेलं पीठ डुकरांना घातलं! वर मलाच म्हणतो, "अगं, शिळं होतं ते!" या ग्दान्स्ककरांपुढे कपाळ बडवून घ्यावं.

मी जन्मले तेव्हा तू माझ्या लग्नासाठी मळलेल्या पिठाचं पिंप, मी याच्याबरोबर पळून आले तेव्हापासून तळघरात तसंच आहे का गं? नदीतून इकडे येणाऱ्या पहिल्या तराफ्यावर पाठव. बाबांना म्हणावं, माझं लग्न मानायचं नसेल तर नका मानू. नातीचं तोंड तरी गोड करा.

तुझी लेक,
दोरोता