तुझं पान निळ्या ताटात

आई, आज तुझी तिथी, आणि तुझं पान मी माझ्या निळ्या ताटात वाढलं आहे. केळीच्या पानावर नाही, स्टीलच्या ताटात तर नाहीच. रागवायचं असेल तर खुशाल रागव.

तू इथे हॅमिल्टनला राहायला आली होतीस, तेव्हाची ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. पॉटरी क्लासमध्ये केलेलं माझं पहिलं ताट घेऊन मी घरात शिरते. पांढऱ्यावर निळी ट्यूलिप, तुर्कस्तानात सुलतानांच्या काळी इझनिक गावचे कुंभार रंगवत तशी. तू भाकरी थापते आहेस. मान जरा वळवून बघतेस आणि म्हणतेस, "शोकेसमध्ये ठेव. नैवेद्याला चिनीमाती चालत नाही. पितळ घासलं की शुद्ध होतं, माती सगळं शोषून घेते." वर आणखी, "इंजिनियर केली ती चिखल कालवायला?" रागारागाने मी ते ताट शोकेसमध्ये ठेवून दिलं.

आता उत्तर देते. अगं, त्यावर झिलई असते, काचेसारखी. पाण्याचा थेंब आत जात नाही. आणि ते कुंभारसुद्धा चिनी भांडी बघूनच निळं-पांढरं शिकले. हे आपलं नव्हे, असं त्यांनाही कुणीतरी सुनावलंच असेल. त्यांनी ऐकलं नाही. आपल्या बागेतली फुलं ताटावर आणली आणि ते काम त्यांचंच झालं. मीही ऐकणार नाही.

मघाशी वाढताना माझा हात जरा थांबला, तर तुझी नात म्हणाली, "चिल, मम. आजी वोंट माइंड." मी म्हटलं, "माइंड? तुला तुझी आजी माहीतच नाही!" आणि वरणभाताची मूद घातली.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, ड्रॉवरमध्ये जाईल. ताट मात्र शोकेसमध्ये जाणार नाही. फक्त एक सांगते. तुर्की ताटं फुलांनी गच्च भरलेली असतात. आजचं हे नवं ताट रंगवताना मी डावीकडे आणि वरच्या बाजूला जागा कोरी सोडली. क्लासच्या बाईंनी विचारलं, "व्हाय द गॅप?" मी म्हटलं, "नो रीझन." खोटं बोलले. वर मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी, मग कोशिंबीर. तुझ्या जागांवर फूल काढायला माझा हात धजला नाही.