सावरीच्या कापसाची उशी

आई, शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. कॉन्व्हेंटचा निळा स्कर्ट न बदलताच मी स्वयंपाकघरात यायची. तू आट्टुक्कलापाशी बसून इडलीचं पीठ वाटत असायचीस. एका हाताने रगड्याचा दगड फिरवते आहेस, दुसऱ्या हाताने तू पीठ आत ढकलते आहेस, आणि तुझी मान हळूहळू छातीवर येते आहे. मी समोर बसून तुझी बोटं राखायची. मान पडली की ओरडायची, "आई, बोटं!" तू दचकून हसायचीस. "झोपले नव्हते गं, डोळ्यांना जरा विसावा दिला." आपल्या दोघींचा तो खेळच होता. तो आजार होता हे मला साठी उलटल्यावर कळलं.

तुझं घोरणं ही घरातली रोजची थट्टा. सकाळच्या कॉफीबरोबर आजी सुरू करायची, "काल कावेरीला पूर आला होता की काय? कुणाच्या डोळ्याला डोळा नाही." अप्पा म्हणायचे, "माझी बायको रात्रभर गिरणी चालवते, पीठ मात्र कुठे दिसत नाही." सगळे हसत. तूही हसायचीस, तोंडाला पदर लावून. मग एक दिवस तू आपली चटई उचलून स्वयंपाकघरात नेलीस. रोज सकाळी डोकं दुखायचं म्हणून कपाळाला सुंठ उगाळून लावायचीस, दिवसभर पेंगायचीस, आणि सगळ्या घराचं रांधूनवाढून आळशी म्हणवून घ्यायचीस. पुढे एका पहाटे तू उठलीच नाहीस. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "पुण्यवान हो, झोपेत गेली." मीही मान डोलावली. आता ते वाक्य आठवलं की अंगाची आग होते.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू मला बाजूला घेऊन एक लहानशी, घट्ट उशी दिलीस. सावरीचा कापूस स्वतः पिंजून भरलेला, दोन्ही टोकांना नाड्या. पाठीला बांधून झोपायचं, म्हणजे उताणं वळताच येत नाही. "बाईमाणसाचं घोरणं खोलीबाहेर ऐकू जाऊ नये," तू म्हणालीस. "तो झोपल्यावर झोप, त्याच्या आधी ऊठ. मला हे कुणी सांगितलं नव्हतं गं." किती मायेने दिलीस ती. मी संसारभर तुझं ऐकलं. माझी झोप चिमणीसारखी हलकी आहे, असंच माझा नवरा जाईपर्यंत समजत होता. मला मात्र आधी रक्तदाब जडला, मग साखर, मग छातीत धडधड. एकेक डॉक्टर एकेक गोळी वाढवत गेला. झोप कशी लागते, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी छान म्हटलं असतं.

मागच्या वर्षी तिरुवैयारुच्या बसमध्ये उभ्याउभ्या डोळा लागून पडले, तेव्हा कुठे एका डॉक्टरणीने अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी केली. म्हणाली, "अम्मा, झोपेत तुमचा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो. शरीर गुदमरून जागं होतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. तुमच्या हृदयाला त्याचाच त्रास आहे." उशीचं सांगितलं तर म्हणाली, कुशीवर झोपणं चांगलंच, पण तुम्हाला तेवढं पुरणारं नाही. म्हणजे इतकी वर्षं आवाज तेवढा आपण दाबला, आई. आता नाकावर मास्क लावून, मशीनची हवा घेत झोपते. पहिल्यांदा डोकं न दुखता सकाळ झाली, त्या दिवशी मी रागाने रडले.

आता तुझी नात. चेन्नईला ऑफिसला जाताना स्कूटर कडेला लावून डुलकी काढते, खोलीतल्या मुली तिच्या घोरण्याची नक्कल करतात. तपासणी कर म्हटलं तर म्हणाली, "अम्मा, प्लीज, लग्न तरी होऊ दे. मशीन लावून झोपणारी मुलगी कोण करून घेईल?" माझ्या धाकट्या बहिणीचाही फोन आला. "अक्का, तू गप्प राहा. आईची ती उशी आहे ना तुझ्याकडे? ती दे पोरीला." आणि हसली, अगदी अप्पांसारखी. मी फोन ठेवला आणि मुलीला लावला. तू कशी जगलीस आणि कशी गेलीस, ते सगळं तिला सांगितलं. ती फोन ठेवून मोकळी झाली. संध्याकाळी तिचा एवढाच मेसेज आला, डॉक्टरचा नंबर पाठव. अजून बोलताना तिच्या आवाजात राग असतो. असू दे.

हे पत्र तुला पाठवायला पत्ता नाही, आणि मुलीला मराठी कळत असलं तरी देवनागरी वाचता येत नाही. तरी वाटण्या लिहून ठेवते. तुझा पितळी कॉफी फिल्टर धाकटीला, लहानपणापासून तिचा त्यावर डोळा आहे. तुझं लाल रेशमी लुगडं मुलीला, तपासणी करून आली की. आट्टुक्कल परसात आहे तिथेच राहू दे. मशीन डॉक्टरणीला परत करावं, ज्याला परवडत नाही त्याला ती देईल. उशी कुणालाही द्यायची नाही. उसवून तिचा कापूस वाऱ्यावर सोडायचा. ते मीच करणार होते, कात्रीही काढून ठेवली आहे. पण मशीन लावलं तरी ती पाठीशी घेतल्याशिवाय मला अजून झोप लागत नाही, आई.