अकरा वर्षांचा घोळ

१४ मार्च, दुपार

प्रिय शंकासुर,

आशीर्वाद, आणि तेही न मागता. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती त्याची जुनी खोड. तू वेळेवर जेवत नसशील हे मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

तू लिहिलेल्या मालिकेचा, तूच पाठवलेला शेवटचा भाग बघितला. समोर राहणाऱ्या इलेक्ट्रिशियनने टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि जाता जाता म्हणाला, "मावशी, तुमच्याच कादंबरीवर आहे ना ही? मग तुमचं नाव कसं नाही?" मी म्हटलं, "तू तुझ्या वायरी बघ."

नाव का नाही ते तुला ठाऊकच आहे. सहा महिन्यांपूर्वी माझ्या ओट्याला टेकून तू म्हणालीस, "मावशी, शेवटात अकरा वर्षांचा घोळ आहे गं." कादंबरीतली धाकटी बहीण भांडून, निरोपही न घेता दूरच्या ताऱ्यावरच्या ठाण्यात नोकरीला जाते. पुष्कळ वर्षांनी एकदाचा 'ताई, माझं चुकलं' असा संदेश पाठवते. तिथून संदेश पोचायला अकरा वर्षं लागतात, हे मीच तिसऱ्या प्रकरणात लिहून ठेवलेलं. आणि ताईचं उत्तर त्याच संध्याकाळी हजर!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षं बस आगारात वेळापत्रकं बसवली मी. माझ्या कागदावर एकही गाडी सुटायच्या आधी पोचली नाही, आणि ही कालची पोर मला वेळ शिकवणार! मी म्हटलं, "लोक त्या पानावर ढसाढसा रडलेत. आजवर एकानेही घड्याळ बघितलं नाही. पुस्तकाशी इमान राखायचं नसेल तर माझं नाव काढून टाक." तू चपला घातल्यास आणि निघालीस. अगदी आईवर गेली आहेस.

असो. भाग बघायला कागद-पेन्सिल घेऊन बसले होते, चुका काढायला. एक सापडलीही: धाकटीच्या हाताची पट्टी तिसऱ्या मिनिटाला डावीकडे आहे, पाचव्याला उजवीकडे. बघ, मी अजून कामाची आहे.

पण मग ती संदेश पाठवते. आता अकरा आणि अकरा, बावीस वर्षं वाट बघायची, हे तीच बोटांवर मोजते. आणि उत्तर घ्यायचं म्हणून, रागाने इतकी वर्षं बंद ठेवलेलं यंत्र ती पहिल्यांदा उघडते. आत ताईचे निरोप येऊन पडलेले. शेकडो. प्रत्येकात तेच: 'तू बोल, नाहीतर बोलू नकोस, मी रागावलेली नाही.' सगळ्यात जुना ती गेली त्याच आठवड्यातला.

अगं, काय केलंस हे! एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही. तपासलंय मी, तीनदा. शब्द माझे बदललेस, पण कादंबरी जे म्हणत होती ते माझ्यापेक्षा तुलाच नीट म्हणता आलं. वाहिनीवाले शेवटी ठाण्यात स्फोट करा म्हणत होते, आणि तू नोकरी पणाला लावून नाही म्हणालीस, हेही तुझ्या दिग्दर्शकाकडून कळलं. मला आभाळ ठेंगणं झालं. त्या इलेक्ट्रिशियनला परत बोलावून सांगितलं, "माझ्या भाचीने लिहिलंय." त्याने विचारलं नव्हतं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी दोनदा चहा करून झाला.

एकानेही घड्याळ बघितलं नाही, असं मी म्हणाले ना? साफ खोटं. एकीने बघितलं होतं. कादंबरी टाइप केली ती तुझ्या आईने, शाळेतली कारकुनी संपवून, रोज संध्याकाळी दोन तास. तू तिच्या पायाशी बसून कार्बन पेपर चुरगळायचीस. दोनशे चौदाव्या पानावर ती थांबली आणि समासात पेन्सिलीने लिहून पान मला दाखवलं. मी म्हणाले, "ताई, तू टाइप कर. मला अक्कल शिकवू नकोस." तिने ते पान बाजूला ठेवलं, मला हवं तसं पुन्हा टाइप केलं, उरलेली नऊ पानंही केली, आणि ते जुनं पानही सोबत ठेवून गठ्ठा बांधून दिला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर आम्ही फक्त लग्नाकार्यात भेटलो, पाहुण्यांसारख्या. चूक तिची नव्हती. मला माहीत होतं. तिचं बरोबर आहे हे मला त्याच रात्री कळलं होतं, आणि तरी मी कादंबरी तशीच छापू दिली. गर्व, दुसरं काय! ती गेली, आणि माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

ते पान सोबत पाठवते आहे. तुला हे कुणी सांगितलेलं नाही, मला खात्री आहे. ते माझ्या कपाटात कुलपात होतं. समासातलं अक्षर ओळखशील: 'उत्तर आधीच येऊन पडलं असेल, आणि हिने यंत्रच उघडलं नसेल, तर?'

मी ते फक्त चूक दाखवणारं वाक्य म्हणून वाचत आले. परवा तुझा भाग संपल्यावर कुलूप काढलं, पुन्हा वाचलं, आणि पोटभर रडले. ताई मला तेव्हाच सांगून गेली होती गं.

नावांची पाटी महिनाअखेरपर्यंत बदलता येते, असं तू भागासोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहेस. तर माझं नाव परत घाल. पण कथा दोघींची म्हण, आणि तिचं नाव आधी. पटकथेखाली तुझं एकटीचं, ठळक. कुणी कारण विचारलं तर हे पान दाखव.

आणि पट्टीचा हात तेवढा दुरुस्त करून घे.

ही सही मी सव्वीस वर्षं केलेली नाही.

तुझ्या आईची धाकटी बहीण