कपाट आणि रेडिएटर यांच्यामधली खुर्ची

याश, बुधवार, नोव्हेंबर अर्धा संपला

ती. आग्लाया आत्या हिस,

तुझ्या दोन्ही हातांचे मुके (कोंबड्यांना दाणे टाकून झाल्यावर ते धुतले असतील असं धरून चालते). गुडघा कसा आहे? मागच्या पत्राच्या पहिल्या पानावर तू लिहिलंस की कोबीची पानं बांधल्यापासून बरा आहे, आणि दुसऱ्या पानावर लिहिलंस की पानं शेळीने खाल्ली. तेव्हा बरं नक्की कुणाला वाटतंय, तुला की शेळीला, ते सविस्तर कळव. पाद्रीबाबांना माझा नमस्कार सांग. मी ठीक आहे. वेळेवर जेवते, लोकरीचे मोजे घालते, आणि केस ओले असताना बाहेर पडत नाही. हे तिन्ही तू विचारणारच होतीस, म्हणून तुझी शाई वाचवली.

आता मुद्द्याचं. मी खोलीसाठी एक खुर्ची घेतली. तू म्हणशील, एवढ्यासाठी चार पानी पत्र कशाला. पण आत्या, आमची खोली तू पाहिली नाहीस. दोन पलंग, एक टेबल, एक कपाट, आणि कपाट व रेडिएटर यांच्यामधली साडेचार वितींची मोकळी जागा, जिला रुक्सांद्रा ‘आमचा दिवाणखाना’ म्हणते. (रुक्सांद्रा म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण. बडबडी आहे पण मनाने चांगली. तिच्या पलंगावर दुधासारखी पांढरी चादर असते आणि तिच्यावर कुणी बसलेलं तिला खपत नाही.) पाहुणा आला की दारात उभं राहून बोलतो आणि दारातूनच जातो. मार्चमध्ये बाबा आले तेव्हाही तसंच झालं. इथल्या कुणाची तरी चूल बांधत होते, काम अर्धं टाकून लोणच्याची बरणी द्यायला आले. विजार मातीने भरलेली. मी माझा पलंग दाखवला, तर म्हणाले, “नको गं पोरी, बसमध्ये बसूनच आलोय.” सव्वा तास उभे होते. मध्येच त्यांनी आमच्या रेडिएटरवर बोटाच्या पेराने टकटक केलं, दोनदा, मग थोडं थांबून एकदा, जसं ते चुलीची पोकळी ऐकायला करत तसं, आणि म्हणाले, “याला काही जीव नाही.” मग ठरल्याच्या आधीची बस पकडून निघून गेले. ऑगस्टमध्ये तर ते गेलेच. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की या खोलीत एक खुर्ची हवी, जिच्यावर मातीच्या विजारीचा माणूससुद्धा न विचारता बसेल.

आता एवढ्या साध्या वस्तूसाठी मला काय काय पाहावं लागलं ते ऐक. रुक्सांद्राला दाण्यांनी भरलेली ती मोठी पिशवी हवी होती, हल्ली पोरं जिच्यात बसतात ती. दुकानात तिने मला तिच्यात बसवलं. बसले ती बसलेच, विक्रेत्याने आणि तिने दोन हात धरून ओढून काढलं, आणि एक बूट आतच राहिला. पन्नाशीच्या माणसाचा आपण असा पाहुणचार करायचा? मग मासे धरायला जातात त्यांचं घडीचं स्टूल पाहिलं. ते स्वस्त होतं, पण घडी बसणाऱ्याच्या इच्छेने होत नाही. मग भंगारवाल्याकडे एका जुन्या मोटारीचं मागचं बाक होतं, पट्ट्यांसकट. तो म्हणाला, पाहुणा बांधून ठेवता येईल. खानावळीच्या अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर रुक्सांद्राने बरेच दिवस डोळा ठेवला होता, पण त्या सगळ्या एका साखळीत ओवलेल्या असतात, एक आणायची तर चौदा आणाव्या लागतात.

मग गेलेल्यांचा शनिवार आला, मेलेल्यांच्या नावाने वस्तू देतात तो. मी देवळावरून चालले होते आणि फाटकाशी एक काळ्या रुमालातली म्हातारी उभी होती. तिच्यापुढे खुर्ची. हातांची, गडद लाकडाची, बसायला हिरवं रेक्झिन. खुर्चीवर टॉवेल, टॉवेलवर वेणीचा गोल पाव, पावात पेटती मेणबत्ती. म्हणाली, “घे बाई, माझ्या पांतेलिमोनच्या नावाने.” आत्या, तू मला लहानपणापासून हेच सांगत आलीस ना, की इथे जे जिवंत माणसाच्या हातात द्यावं ते तिथे मेलेल्याला मिळतं, ताट दिलं तर ताट, पलंग दिला तर पलंग. आणि घेणाऱ्याने पाव घ्यायचा, मेणबत्ती घ्यायची, ‘देव त्यांना क्षमा करो’ म्हणायचं, तेव्हा कुठे ती वस्तू पोचते. सगळं मला पाठ होतं. पण तेवढ्यात माझी ट्राम आली. मी पाव आणि मेणबत्ती म्हातारीच्या हातात कोंबली, “थँक्यू हं आजी” म्हटलं, आणि खुर्ची डोक्यावर घेऊन धावले. मागून ती काहीतरी ओरडत होती. (तू आता कपाळाला हात लावला असशील. तोच हात पुढे दोनदा लागणार आहे, तिथेच ठेव.)

खुर्ची साडेचार वितींत अशी बसली की जणू ती जागा तिच्यासाठीच सोडली होती. रुक्सांद्राने लगेच वर्गातल्या मुलांना चहाला बोलावलं. दोघं आली. दोघंही उभी राहिली. मी म्हटलं, बसा ना. एकजण बसायला वाकला आणि अर्ध्यातूनच सरळ झाला, आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाला, “सॉरी.” मग कानापर्यंत लाल झाला आणि चहा न पिता गेला. रुक्सांद्रा स्वतःही तिच्यावर बसत नाही. का, विचारलं तर म्हणते, “बसलेल्या माणसाच्या मांडीवर कसं बसायचं?” आणि लगेच हसून विषय बदलते.

सोमवारी कॉलेजातून आले आणि रेक्झिनला हात लागला तर ते गरम. ऊन नव्हतं. रेडिएटर तर अजून सुरूच झालेला नव्हता, होस्टेलात पंधरा नोव्हेंबरच्या आत उष्णता देणं अशुभ मानतात. एखादा माणूस आत्ता उठून गेल्यावर असते ना, तेवढी ऊब. मी मनात म्हटलं, पांतेलिमोनकाका, हे बरं नाही. चूक माझी होती हे कबूल. पाव घेतला नाही, मेणबत्ती घेतली नाही, म्हणून खुर्ची तिकडे पोचली नाही आणि तुम्ही बसायला इकडे येता. पण मी इथे अभ्यास करते.

तर काका यायला लागले. सकाळी मी खुर्ची टेबलाकडे तोंड करून जात असे, दुपारी ती रेडिएटरकडे वळलेली असे. तिच्यापुढे जमिनीवर पिवळट मातीचा बारीक चुरा पडलेला असे, बसलेल्याची दोन पावलं टेकतात तिथे दोन छोटे ढीग. झाडला की दुसऱ्या दिवशी तेवढाच. रुक्सांद्रा म्हणाली, लाकूड किडलंय. मी खुर्ची उलटी करून पाहिली, लाकूड घंटेसारखं खणखणीत होतं. वासही यायला लागला, ओल्या मातीचा आणि थंड राखेचा, उन्हाळ्यात चूल साफ करताना येतो तसा. मी खिडकी उघडी ठेवली. वास बाहेर गेला नाही, फक्त थंडी आत आली.

गेल्या बुधवारी दुपारी अडीच वाजता मी एकटी पलंगावर पाय पोटाशी घेऊन वाचत होते. बाहेर धुकं इतकं की समोरची इमारत दिसत नव्हती. तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत हिरवं रेक्झिन हळूहळू खाली गेलं. आतली हवा फुस्स करून निघाली. लाकूड जरा कुरकुरलं आणि गप्प झालं. मग काहीच नाही. फक्त खोलीत दोघं असताना जशी शांतता असते तशी शांतता. मी घाबरले, आत्या. खोटं कशाला सांगू, इतकी की पान उलटायचा आवाज होईल म्हणून एकच पान पाऊण तास धरून बसले. मग रेडिएटरवर टकटक झालं. दोनदा. थोडं थांबून एकदा. मी स्वतःला सांगितलं की पाइपात हवा आहे. (पाइप रिकामे होते, हे मी स्वतःला सांगितलं नाही.)

शुक्रवारी आमच्या रेक्टरबाई तपासणीला आल्या. बुर्लाकूबाईंचं तुला माहीत नाही, फाटकावर ओळखपत्र ठेवल्याशिवाय त्या स्वतःच्या भावालाही वर सोडत नाहीत. त्यांनी कपाट उघडलं, बंद केलं, वहीत काही लिहिलं आणि जाताना मला बाहेर बोलावून म्हणाल्या, “हे बघ, पाहुण्याची नोंद केलेली नाहीस. वडीलधारे आहेत म्हणून दंड लावत नाही.” मी म्हटलं, कोण पाहुणे? त्या म्हणाल्या, “जास्त शहाणपणा करू नकोस. बिचारे मला बघून उठून उभे राहिले. हल्ली कोण उठतं? मीच म्हटलं, बसा बसा. फक्त पुढच्या वेळी विजार झटकून यायला सांग.” मी आत आले. खुर्ची एक पाऊल मागे सरकलेली होती, माणूस घाईने उठल्यावर सरकते तेवढी.

शनिवारी मी पाव आणि मेणबत्ती विकत घेऊन त्या म्हातारीला शोधून काढलं. वार्वारा तिचं नाव, देवळामागेच राहते. दारातच मी मेणबत्ती पेटवली आणि जे त्या दिवशी म्हणायचं राहिलं होतं ते सगळं एका दमात म्हटलं, देव पांतेलिमोनना क्षमा करो, त्यांना कृपा करून घरी बोलवा, ते माझ्या खोलीत माती सांडतात.

म्हातारी आधी गोंधळली आणि मग इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. “कोण, माझा पांतेलिमोन? अगं, जन्मभर औषधाच्या दुकानात पांढरा कोट घालून उभा राहिला तो. चमच्यावर डाग दिसला तर जेवणावरून उठायचा. तो माती सांडेल?” मी म्हटलं, पण खुर्ची पोचली नाही ना त्यांना. “त्याला काय कमी आहे? तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच खुर्ची, टेबल, पलंग, उशी, सगळं दिलंय मी. सहा वर्षं झाली, पसरलाय आरामात. ही खुर्ची स्वयंपाकघरात नव्या आल्या म्हणून दिली, चांगलं लाकूड फेकवेना.” मग तिने माझ्या हातातली मेणबत्ती घेतली, पण विझवली नाही. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, “तुझ्याकडचं कोण उभं आहे, बाळा?”

मी म्हटलं, माझी ट्राम आली. (ट्राम तिथून दिसतसुद्धा नाही.)

म्हाताऱ्या माणसांचं काय, आत्या, ती काहीही बोलतात. तू मनावर घेऊ नकोस. एकंदरीत खुर्ची चांगली आहे, मजबूत आहे, फुकट पडली, आणि अभ्यास नीट चालला आहे. बाबांची ती हातांची खुर्ची तू कोठीत ठेवून दिली आहेस, मुलीच्याच हातून द्यायची म्हणून, ते लक्षात आहे. सवड मिळेल तसं बघू. शेळीला कोबी घालू नकोस, गुडघ्याला बांध. तुझ्या हातांचे पुन्हा मुके.

तुझी लाडकी (बाकी भाच्या नाहीत म्हणून),
मिरुना

ता. क. बाबांच्या चाळिसाव्या दिवशी मला परीक्षा होती असं मी लिहिलं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याच कॉलेजात परीक्षा नसते, आणि हे तुला तेव्हाही माहीत असणार, तरी तू मला ‘पेपर कसा गेला’ असं विचारलंस. त्या दिवशी मी बसस्टँडवर होते. नवा काळा रुमाल बांधून, पाकिटात तिकीट. बस आली, भरली आणि गेली. मला वाटलं, मी त्यांची खुर्ची कुणाला दिली की ते गेले हे खरं होईल. दिली नाही तर फक्त कुठेतरी चूल बांधायला गेलेत. तू ती खुर्ची पुसून अंगणात ठेवली होतीस आणि संध्याकाळी परत आत नेलीस, हे शेजारणीने मला कळवलं. माझं चुकलं, आत्या. म्हणून खरी विनंती ही, की मी येत्या शनिवारी येते. पाव तू भाज, मेणबत्ती मी आणते. घ्यायला कुणाला बोलवायचं ते तू ठरव, फक्त त्याला कुठे जायची घाई नसावी.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहिते आहे. या शनिवारी नको. त्याच्या पुढच्या शनिवारी येते, नक्की येते, तू पाव तेव्हा भाज. रुक्सांद्रा आठवड्यासाठी घरी गेली आहे. आज दुपारी होस्टेलात उष्णता सुरू झाली. मी खुर्ची रेडिएटरच्या आणखी जवळ सरकवली, चहाचे दोन पेले केले, आणि जमीन झाडली नाही. मार्चमध्ये ते सव्वा तास उभे राहून गेले. आठवडाभर बसू दे त्यांना.