मनुकांमधल्या फटींविषयी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि भाऊजींचा खोकला तुझ्या धाकाने पळाला असेल, असे गृहीत धरतो.

एक कोडे तूही पाहिले असशील. मनुकांचा डबा काठोकाठ भरावा, ओट्यावर दोनदा आपटावा, की मनुका दोन बोटे खाली! कुणी खाल्ल्या नाहीत, सांडल्या नाहीत. मग गेले काय? गेली ती हवा. वाटीभर मनुका म्हणतो त्यात जवळजवळ निम्म्या फटीच असतात. इतके सरळ तत्त्व. पण तुझ्या चिरंजीवांच्या डोक्यात शिरले नाही (तिथे पदव्या इतक्या चेपून भरल्या आहेत, की फटच उरलेली नाही).

तुला ठाऊकच आहे, हिला इस्पितळाच्या कँटीनला सुक्या मेव्याचा केक पुरवायचे काम हवे आहे. त्यासाठी तिथल्या व्यवस्थापक बाईंना नमुना चाखवायचा होता. मुले परगावी गेल्यापासून ही प्रथमच सकाळी गुणगुणत उठू लागली होती. नेमके तेव्हाच चिरंजीव मुक्कामाला आले. कंपन्यांना काम कसे करावे हे शिकवणारा माणूस. स्वयंपाकघर कसे सोडेल?

"मामी, वाटी हे काय माप झालं? ग्रॅममध्ये सांग."

"मला ग्रॅम कळत नाहीत रे, वाटी कळते."

त्याने वाटीभर पाणी तोलले. दीडशे ग्रॅम. झाले! मनुका, खजूर, जर्दाळू, सर्वांना सरसकट वाटीमागे दीडशे ग्रॅमचा हुकूम सुटला. मी शांतपणे समजावू लागलो, की त्याच वाटीत मनुका शंभराच्या आतबाहेरच भरतात, चेपल्या तर थोड्या अधिक. खजूर अख्खा घातला तर कमी मावतो, बारीक चिरला तर फटी बुजून जास्त. मी जर्दाळूंकडे वळणार, तोच ही म्हणाली, "एक वजन करतोय, दुसरा व्याख्यान देतोय. अंडी कोण फेसणार?" आणि मला बाहेर काढले. मेवा दीडपट पडला.

कँटीनमध्ये नमुना कापायला घेतला, तर केकमध्ये सुरी गेली, बाहेर येईना. व्यवस्थापक बाईंनी बराच वेळ चावून विचारले, "अहो, यात केक कुठाय?"

"असेल कुठंतरी फटीत," ही म्हणाली. घरी आल्यावर मात्र उरलेला केक तिने फडताळाच्या तळाशी ढकलला.

चिरंजीवांच्या मते दोष ओव्हनचा आहे. बाई भल्या, गुरुवारी पुन्हा नमुना आणा म्हणाल्या. ही वाट्या धुऊन तयार आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
भाऊ

ता. क. चिरंजीवांना बुधवारच्या आत घरी बोलावून घे. कारण काहीही सांग. तो वजनकाटा पुसतो आहे.

ता. क. २. हिने पत्र वाचले. "दोघांनाही बोलवायला सांगा," म्हणते. तेव्हा दोन गाद्या घाल. आम्ही पोहोचेपर्यंत एवढे करून पाहा: वाटी मनुकांनी सपाट भर आणि एकही मनुका न काढता तिच्यात काठापर्यंत पाणी ओत. जेवढे पाणी मावेल, तेवढी जागा मोकळी होती. मग तुझ्या लेकालाच विचार, दीडशे ग्रॅम धरताना ती त्याने कशाने भरली.